लोखंडी नांगर विकायचा कसा?

आपल्या कॉलेजात बीबीएवाल्यांना ‘टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन मॅनेजमेंट’ असा एक विषय असतो. मैत्रिणीच्या नोट्स चाळल्या तर त्यात कोडॅक होतं. कोडॅकच्याच एका इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता, तरी २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. उदाहरण चांगलंच आहे. पण असा विषय शिकायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, बेळगाव पुरेसं आहे. आणि वाङ्मय मंडळाच्या अंकात हे लिहायचं कारण असं की, बेळगावच्या या गोष्टीत पुढे मराठीतलं एक मोठं मासिक येतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ज्याला सायकलवर बसताच येत नाही तो ती विकत कशाला घेईल? म्हणजे वस्तू आणि ती वापरायचं शिक्षण, दोन्ही एकाच दुकानात.

पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. आधी कडबा कापायचं यंत्र आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर, असा कारखाना उभा राहिला. नमुना विलायती नांगराचा होता. नांगर तयार झाला, पण खपेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली, असं सांगतात.

बहुतेक लेखांत ही गोष्ट इथेच ‘अडाणी शेतकरी आणि जिद्दी उद्योजक’ अशी संपते. मला ते पटत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने जरा बघूया. लाकडी नांगर जमीन चिरत जातो, माती फारशी उलटत नाही. लोखंडी नांगराला फाळामागे वळवलेलं पातं असतं, त्यामुळे मातीचा थर कापला जाऊन पालथा पडतो आणि तण खाली गाडलं जातं. खालची माती वर येणार, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला भीतीचं वाटणारच. प्रयोग फसला तर? कारखानदाराचा एक नांगर वाया जातो, शेतकऱ्याचं वर्ष जातं. सावकार थांबत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि इथून पुढचा तर्क माझा आहे. लाकडी नांगर गावचा सुतार बाभळीतून घडवायचा, फाळ बोथट झाला की लोहार भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकून द्यायचा. दोघांनाही सुगीला धान्य, म्हणजे बलुतं. रोख पैशाचा प्रश्न नाही, आणि मोडलं तर माणूस गल्लीतच. ओतीव लोखंडाचं, म्हणजे बिडाचं तसं नाही. बीड ठोकून घडत नाही, ते ठोकलं की फुटतं. दगडाला आपटून बिडाचा फाळ तुटला तर गावचा लोहार काय करणार? नवा फाळच हवा, तो बेळगावहून, आणि रोख पैसे देऊन. ऐन नांगरटीत बैल उभे. म्हणजे नुसत्या नांगराऐवजी नांगर घेतानाच शेतकऱ्याला गावची जुनी सगळी व्यवस्था सोडावी लागत होती. ‘विष भिनतं’ या दोन शब्दांत एवढं सगळं मावलेलं असू शकतं.

म्हणून मला वाटतं, नवं तंत्र आणणाऱ्या धंद्याचं खरं काम वस्तू बनल्यानंतर सुरू होतं. जुन्या वस्तूबरोबर गिऱ्हाइकाचा जो आधार जातो, तो दुसरीकडून भरून द्यावा लागतो. सुटे भाग वेळेवर मिळायला हवेत, शेतात चालवून दाखवणारा माणूस हवा, आणि गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत बोलणारं कुणीतरी हवं.

हेच कारखान्याच्या आतही लागू होतं. माझे पप्पा उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये फोरमन आहेत. तिथे काही वर्षांपूर्वी सीएनसी मशीन आलं. ट्रेनिंग दोन दिवसांचं, तेही इंग्लिशमधून, मॅन्युअल जाडजूड. ट्रेनर गेल्यावर आठवड्याभरात पॅनलवर चिठ्ठ्या चिकटल्या, काही मराठीत, काही कन्नडात: ‘आधी हे’, ‘हे अजिबात दाबू नको’. पप्पा म्हणतात, “मशीन मालकानं आणलं, पण चालवलं त्या चिठ्ठ्यांनी.” बीबीएच्या नोट्समध्ये याला ‘नॉलेज ट्रान्सफर’ म्हणतात. चिठ्ठ्यांचा उल्लेख मात्र कुठे सापडला नाही.

परत किर्लोस्करांकडे येऊ. धंदा बसत होता तेवढ्यात १९१० मध्ये बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. एका नोटिशीने शहराने काय गमावलं याचा हिशेब अजून कुणी मांडलेला नसावा! औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि संस्थानात जागा देऊ केली. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ घेतला. पिकाला निरुपयोगी, पण रेल्वेला लागून. बिडाचे नांगर आणि फाळ गावोगाव पाठवायचे तर स्टेशन हवंच. तिथे किर्लोस्करवाडी वसली. नुसती शेड बांधून भागणार नव्हतं, कामगारांची घरं, पाणी, शाळा सगळंच उभं करावं लागलं. वस्तीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. पहिल्या महायुद्धात परदेशी माल यायचा थांबला आणि वाडीच्या नांगराला मागणी वाढली. पण कोळसा आणि रंगसुद्धा मिळेनासे झाले, तेव्हा त्यालाही पर्याय शोधणं आलं.

आता आपल्या विषयाकडे. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकरराव स्वतः चित्रकार, जाहिरातीचं काम त्यांच्याकडे. कारखान्याची माहिती एजंट, गिऱ्हाईक आणि कामगारांपर्यंत जावी यासाठी हे पत्रक होतं. आजच्या भाषेत हाउस मॅगझिन. पण ते तेवढ्यावर राहिलं नाही. त्यात गोष्टी आल्या, लेख आले, व्यंगचित्रं आली, रूढींवर आणि अंधश्रद्धेवर सडकून टीका आली, सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख आले. ‘खबर’ गळून ते ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. पुढे त्याला दोन भावंडं झाली, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या यावर वाढल्या. आमच्या विभागातल्या मॅडम म्हणतात की त्यांच्या आजीच्या घरी ‘स्त्री’चे अंक बांधून ठेवलेले असत.

हे आपण साहित्याच्या इतिहासात शिकतो, आणि नांगर अर्थशास्त्रात जातो. मला दोन्ही एकत्र वाचावीशी वाटतात. ज्या धंद्याची सुरुवातीची वर्षं ‘लोखंडाने जमीन नासते’ या समजुतीशी झगडण्यात गेली, त्या घरातून समजुतींशी वाद घालणारं मासिक निघावं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. यंत्र विकायचं तर यंत्राला जागा देणारं मनही तयार व्हायला हवं, हे शंकररावांना जाहिराती करताना दिसलंच असणार. त्यात धंद्याचा स्वार्थ होता का? होता की. म्हणून त्यातलं साहित्य कमअस्सल होत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. लोखंडी नांगर गावोगाव गेल्यावर सुताराच्या बलुत्याचं काय झालं? नांगराचे फायदे मोजणारे पुष्कळ आहेत, पण बाभळीचा नांगर घडवणाऱ्याचं काम किती कमी झालं, त्याचा मुलगा पुढे काय करू लागला, यावर मला फारसं काही वाचायला मिळालं नाही. त्यांच्यातले काही जण नंतर फाउंड्रीत आले असतील. उद्यमबागेत आजही पॅटर्न बनवणारे लाकडावर काम करतात, साचा ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना लागतो. त्यांच्यापैकी कितीजणांचे आजे-पणजे गावात नांगर घडवत होते, हे विचारायला मी आणि माझी बीबीएवाली मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर मंडळाच्या ग्रुपवर सांगा.