महासाथ, विद्यापीठीय विद्यार्थी आणि डिजिटल आरोग्य साक्षरता

भारतातील कोविड-१९ चा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमधील त्रिशूर येथे आढळला. चीनमधील वुहानहून परतलेली ही रुग्ण वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी होती. पुढे २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, वसतिगृहे रिकामी झाली आणि विद्यार्थी आपापल्या गावी परतले. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ या वर्षी देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४ कोटी १४ लाख इतकी होती. इंग्रजी वाचता येणारी आणि मोबाईल सफाईने हाताळणारी घरातील एकमेव व्यक्ती अनेक कुटुंबांत हा विद्यार्थीच होता. त्यामुळे शासकीय सूचना, डॉक्टरांचे सल्ले आणि व्हॉट्सॲपवरील अफवा हे सारे त्याच्याच हातून घरात पोहोचू लागले. या कामाची पूर्वतयारी त्याला कोणत्याही अभ्यासक्रमाने करून दिलेली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्येच साथीबरोबर पसरणाऱ्या खऱ्याखोट्या माहितीच्या लोंढ्याला ‘इन्फोडेमिक’ असे नाव देऊन धोक्याची सूचना दिली होती. या लोंढ्यात तरून जाण्याची क्षमता म्हणजे डिजिटल आरोग्य साक्षरता. इलेक्ट्रॉनिक साधनांतून आरोग्यविषयक माहिती शोधणे, ती समजून घेणे, तिचे मूल्यमापन करणे आणि आपल्या प्रश्नासाठी तिचा उपयोग करणे, अशी तिची व्याख्या कॅनडातील नॉर्मन व स्किनर या संशोधकांनी २००६ साली केली. या चार पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीवर आजचा विद्यार्थी चपळ आहे. त्याची अडचण तिसऱ्या पायरीवर होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताला परदेशातील अभ्यासाचा आधार मिळतो. मार्च-एप्रिल २०२० मध्ये जर्मनीतील १३० विद्यापीठांतील १४,९१६ विद्यार्थ्यांची ऑनलाइन पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ४२.३ टक्के विद्यार्थ्यांना माहितीची विश्वासार्हता ठरविणे कठीण वाटले आणि एखाद्या मजकुरामागे व्यापारी हेतू आहे की काय हे ओळखणे ३८.९ टक्क्यांना अवघड गेले. हवी ती माहिती सापडत नाही अशी तक्रार मात्र ३०.४ टक्क्यांचीच होती. येथे एक सावधगिरीही बाळगावयास हवी. अशा पाहण्यांत विद्यार्थी स्वतःच्या क्षमतेविषयी स्वतःच सांगत असतो. आपल्याला पारख करता येत नाही हे ज्याला उमगलेच नाही, तो या टक्केवारीत मोजला जात नाही.

भारतातील चित्र पाहताना साधनांची विषमता दृष्टीआड करता येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये १५ ते २९ वयोगटातील ग्रामीण भागातील सुमारे २४ टक्के, तर शहरी भागातील सुमारे ५६ टक्के व्यक्तींनाच संगणक चालविता येत होता. इंटरनेटची सोय ग्रामीण भागातील १५ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडे होती. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वर्षे वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा प्रारंभी ‘कोविन’ या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करूनच लस घेता येत असे. संगणकीय कौशल्य असलेल्या तरुणांनी रिकाम्या वेळांची सूचना देणाऱ्या आज्ञावली तयार केल्या. ज्यांच्यापाशी ते कौशल्य नव्हते, त्यांच्या वाट्याला प्रतीक्षा आली. २४ मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस मुभा मिळाली आणि ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीची स्पष्ट शब्दांत दखल घेतली.

प्लाझ्माचा धडा

साधने हाती असूनही मूल्यमापनाचे कौशल्य नसेल तर काय घडते, हे दुसऱ्या लाटेने दाखवून दिले. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात देशातील दैनंदिन नव्या रुग्णांची संख्या ४ लाखांच्या पुढे गेली. खाटा, प्राणवायूची नळकांडी आणि औषधे यांच्या शोधासाठी समाजमाध्यमांवर स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली. त्यांत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. प्रत्येक दूरध्वनी क्रमांकावर स्वतः संपर्क साधून तो खरा आहे की नाही हे पडताळायचे, नोंदीपुढे वेळ लिहायची आणि कालबाह्य नोंदी काढून टाकायच्या, अशी शिस्त या तरुणांनी कोणी न शिकविता अंगी बाणवली. ही साक्षरताच होती आणि ती पहिल्या प्रतीची होती.

परंतु याच जाळ्यांतून अहोरात्र फिरणाऱ्या विनंत्यांमध्ये एक मोठा हिस्सा बऱ्या झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्माचा होता. वस्तुतः भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० च्या एप्रिल ते जुलै या काळात देशातील ३९ रुग्णालयांत ‘प्लॅसिड’ नावाची चाचणी घेतली होती आणि तिचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्धही झाले होते. मध्यम स्वरूपाचा आजार असलेल्या ४६४ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडण्यात आले. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला गेला. २२९ जणांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. २८ दिवसांत आजार तीव्र झाला अथवा मृत्यू ओढवला, असे रुग्ण पहिल्या गटात ४४ म्हणजे १९ टक्के, तर दुसऱ्या गटात ४१ म्हणजे १८ टक्के होते. प्लाझ्माने फरक पडला नाही, असाच याचा अर्थ.

हे आकडे समजण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. टक्केवारी काढता आली की पुरे. गरज असते ती एका प्रश्नाची: हा उपचार न मिळालेल्या तशाच रुग्णांचे काय झाले? ‘माझ्या काकांना प्लाझ्मा दिला आणि ते बरे झाले’ या विधानात दुसरा गटच नसतो. बहुसंख्य रुग्ण प्लाझ्मावाचूनही बरे होत होते, हे त्यात झाकले जाते. आपल्या कला, वाणिज्य, इतकेच नव्हे तर विज्ञान शाखेच्याही पदवीधराला तुलनागट ही कल्पना क्वचितच समजावून दिली जाते.

यात सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाल्यानंतरही प्लाझ्मा राष्ट्रीय उपचार मार्गदर्शक सूचनांमध्ये कायम होता. तो १७ मे २०२१ रोजी वगळण्यात आला. डॉक्टरच चिठ्ठीवर प्लाझ्मा लिहून देत असताना विद्यार्थ्याने दाता शोधू नये, अशी अपेक्षा कोण करील? तरीही प्रत्येक विनंतीमागे एखाद्या अशक्त, नुकत्याच बऱ्या झालेल्या दात्याची धावपळ आणि रुग्णाच्या नातेवाइकांचे मोलाचे तास खर्ची पडत होते, हे नोंदविणे भाग आहे.

रेमडेसिवीरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. रुग्णालयात दाखल रुग्णांना ते देऊ नये, अशी सशर्त शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये केली. एप्रिल २०२२ मध्ये नव्या पुराव्यांच्या आधारे, आजार तीव्र नसलेल्या परंतु धोका अधिक असलेल्या रुग्णांसाठी तिने त्याची सशर्त शिफारस केली. सल्ला बदलला म्हणजे आधीचे सांगणारे खोटारडे होते, असा अर्थ काढणारा आणि पहिला सल्लाच कवटाळून बसणारा, हे दोघेही एकाच उणिवेचे बळी होत.

अफवा आणि खरा प्रश्न

एप्रिल २०२१ मध्ये, तरुणांचे लसीकरण सुरू होण्याच्या तोंडावर, मासिक पाळीच्या आधी व नंतर पाच दिवस स्त्रियांनी लस घेऊ नये असा संदेश सर्वत्र पसरला. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-पडताळणी कक्षाने तो निराधार असल्याचे तत्काळ जाहीर केले आणि ते योग्यच होते. मात्र लसीचा पाळीवर काही परिणाम होतो काय, हा विद्यार्थिनींच्या मनातील प्रश्न निराधार नव्हता. २०२२ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात लसीच्या मात्रेनंतर पाळीचे चक्र सरासरीने एका दिवसाहूनही कमी लांबल्याचे व हा बदल तात्पुरता असल्याचे आढळले. ‘खोटे’ असा शिक्का मारून चर्चा थांबविली की असा प्रश्न विचारणारी मुलगी पुन्हा त्याच अफवेच्या गटात उत्तर शोधू लागते.

भाषेचा अडसर येथेच जाणवतो. अफवा मातृभाषेत, घरगुती शब्दांत येते. तिचे खंडन बहुधा इंग्रजीत आणि परिपत्रकाच्या भाषेत येते. टाटा मूलभूत संशोधन संस्था, भारतीय विज्ञान संस्था आदींनी एप्रिल २०२० मध्ये सुरू केलेला ‘कोविडज्ञान’ हा उपक्रम तसेच शास्त्रज्ञांचे काही स्वयंसेवी गट यांनी भारतीय भाषांत माहिती देण्याचे मोलाचे काम केले. पण गरजेच्या मानाने ते अपुरेच होते.

काय शिकवावे?

एखाद्या व्याख्यानाने हे साधेल काय? बिहारमधील दोन प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात १,२२४ प्रौढांवर केलेल्या प्रयोगात, राजकीय अफवा ओळखण्याचे सुमारे तासाभराचे प्रशिक्षण एकंदरीत निष्प्रभ ठरले. त्यानंतर राज्य शासनाच्या ‘जीविका’ संस्थेच्या सहकार्याने ५८३ खेड्यांत १३ ते १८ वर्षे वयाच्या १३,५०० हून अधिक विद्यार्थ्यांचा प्रयोग झाला. काही आठवड्यांच्या अंतराने, ग्रंथालयात चार वर्ग घेऊन, मुख्यतः आरोग्यविषयक चुकीच्या माहितीवर भर देण्यात आला. या मुलांची पारख सुधारली, चार महिन्यांनंतरही टिकली आणि काही अंशी त्यांच्या पालकांपर्यंत पोहोचली. ही शाळकरी मुले होती. परंतु महाविद्यालयांनी यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात मूल्यवर्धित विषयांमध्ये ‘आरोग्य व निरामयता’ आणि ‘डिजिटल व तंत्रज्ञानविषयक उपाय’ असे दोन स्वतंत्र विषय सुचविले आहेत. पहिल्यात आहार-व्यायाम आणि दुसऱ्यात संगणक, अशी वाटणी झाल्यास आरोग्याच्या दाव्याची इंटरनेटवर पारख करणे हे नेमके दोहोंच्या मधल्या फटीत पडेल. त्यासाठी तिसरा विषय निर्माण करण्याची आवश्यकता नाही. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून काही तासिका घेतल्या तरी प्रारंभ होईल. ‘प्लॅसिड’चा एका पानाचा तक्ता, पाळीविषयीचा तो संदेश आणि त्याचे खंडन, तसेच औषधाची जाहिरात व बातमी यांतील फरक दाखविणारी चार कात्रणे, एवढी सामग्री पहिल्या सत्राला पुरेशी आहे. ती मराठी, तमिळ, ओडिया अशा शिकण्याच्या भाषेत उपलब्ध असावी आणि परीक्षेत व्याख्या न विचारता विद्यार्थ्यापुढे एक अनोळखी संदेश ठेवून त्याची छाननी करावयास सांगावी.