ग्रहण नव्हे, एक अक्षर



माझे गाव सौंसर, संत्र्यांच्या मुलखातले. तेथे माझ्या मावशीला मुलगी झाली. धड नेहमीसारखे, पण हातपाय आखूड. शेजारणींनी निकाल दिला, "ग्रहणात हिने विळी हाती घेतली असेल." मावशी तो बोल आजही विसरलेली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केले, 'अकाँड्रोप्लेझिया'. या शब्दाचा माग काढताना मला जे समजले, ते येथे मांडतो.

आपली लांब हाडे आरंभी हाडे नसतातच. गर्भात प्रथम कूर्चेचा, म्हणजे नाकाच्या शेंड्याला असते तशा लवचीक ऊतीचा, साचा तयार होतो व मग त्याचे हाड बनते. हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ उंदराचा सुमारे अकरा-बारा दिवसांचा गर्भ घेतात. त्याच्या हातापायांच्या अंकुरांतील पेशी विकराने सुट्या करून, सुमारे दोन लाख पेशींचा दाट थेंब बशीत पोषकद्रवासह ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. काही दिवसांत त्यात कूर्चेच्या गाठी धरतात. अल्शियन ब्ल्यू रंगाने त्या निळ्या दिसतात. पेशीसंवर्धनाची ही विद्या आपल्याकडेही रुजली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा आरंभ १९८६ सालचा.

आता मुख्य मुद्दा. घरात पोथ्या पुष्कळ, पण उघडलेली एखादीच, तसे पेशीतील जनुकांचे असते. उघडलेल्या जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपाने निघते. ती मोजली की कोणते जनुक जागे झाले ते कळते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. कूर्चा घडताना आधी 'सॉक्स-९' जागे होते. ते 'कोलॅजन-२' आणि 'अ‍ॅग्रिकन' यांना जागे करते. पुढे पेशी फुगल्या की 'कोलॅजन-१०' ची पाळी येते.

या वाढीला लगामही आहे. त्याचे नाव 'एफजीएफआर-३'. १९९६ मध्ये हे जनुक निकामी केलेल्या उंदरांची हाडे जास्त लांब वाढली. त्याआधी १९९४ मध्येच आढळले होते, की अकाँड्रोप्लेझियाच्या जवळजवळ सर्व रुग्णांत याच जनुकातले एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे लगाम ओढलेलाच राहतो. अशी पाचांपैकी सुमारे चार बालके सामान्य उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांच्यात हा बदल नव्यानेच, बहुधा पित्याच्या शुक्रपेशीत, होतो. म्हणजे गर्भ राहण्यापूर्वीच! मग ग्रहण आणि विळी यांचा संबंध उरतोच कोठे? दोष पित्याचाही नाही. लाखो अक्षरे उतरवताना लेखणी एखादे वेळी चुकते, तसेच हे.

बशीतल्या पेशी म्हणजे मूल नव्हे. तेथे रक्तवाहिन्या नाहीत, स्नायूंचा ताण नाही. तरी अशाच अभ्यासांतून वाट निघते. लगाम सैल करणाऱ्या 'व्होसोरिटाइड' या औषधाला २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली.

सुट्टीत मी हे सारे मावशीला कागदावर काढून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हा कागद इथंच ठेवून जा."