मोबाईल हरवला तर बिटकॉइनही हरवतात का?

प्रश्न : भाच्याच्या आग्रहावरून मी एका एक्स्चेंजच्या ॲपवर थोडे बिटकॉइन घेतले. आता तोच म्हणतो, ‘मामा, ते तिथं ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घ्या.’ मग मोबाईलमधले वॉलेट घ्यावे की ते पेनड्राइव्हसारखे यंत्र? मी विसराळू आहे, मोबाईल कुठेही राहतो. मोबाईल गेला की त्यातले बिटकॉइनही गेलेच ना? सुरक्षित आणि सोयीचे असे एकच वॉलेट सांगा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्याने अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे आपल्या विसराळूपणाशी संबंधित आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

वॉलेट म्हटले की पाकीट डोळ्यांसमोर येते आणि गोंधळ तिथेच होतो, कारण वॉलेटमध्ये बिटकॉइन नसतातच. आपली शेतजमीन आपण कपाटात ठेवत नाही. ती कुणाची आहे याची नोंद सातबाऱ्यावर असते. बिटकॉइन ही तशीच नोंद आहे. इथे तलाठी मात्र नाही. ही नोंदवही, म्हणजेच ब्लॉकचेन, जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते आणि एका गुप्त आकड्याने सही केल्याशिवाय तिच्यात फेरफार होत नाही. त्या आकड्याला ‘प्रायव्हेट की’ म्हणतात. ही की सांभाळायची आणि वेळ आली की तिने सही करून द्यायची, एवढेच वॉलेटचे काम.

म्हणून मोबाईल बसमध्ये राहिला तर गेला तो मोबाईल. नोंद जागच्या जागी आहे. पण सही करणारी की तर त्या मोबाईलमध्ये होती, मग? यासाठीच वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना ते आपल्याला 12 किंवा 24 इंग्रजी शब्द दाखवते आणि कागदावर उतरवून घ्यायला सांगते. याला ‘सीड फ्रेज’ म्हणतात. हे शब्द 2048 शब्दांच्या एका ठरावीक यादीतून येतात. ही पद्धत 2013 मध्ये मांडली गेली आणि आज बहुतेक वॉलेट तीच वापरतात. या शब्दांपासून गणिताने तीच की पुन्हा तयार होते. नवा मोबाईल घ्या, वॉलेटचे ॲप टाका, शब्द त्याच क्रमाने भरा, की सगळे जसेच्या तसे दिसू लागते.

याची दुसरी बाजूही लगेच पाहिली पाहिजे. शब्द ज्याच्या हाती पडले त्याला आपला मोबाईल नको, पिन नको, बोटाचा ठसा नको. तो कुठल्याही देशात बसून काही मिनिटांत सगळे काढून घेऊ शकतो, आणि एकदा झालेला व्यवहार उलटवणारे कार्यालय अस्तित्वात नाही. तेव्हा जपायचा तो कागद. मोबाईल दुय्यम.

आता आपल्या सध्याच्या ॲपकडे वळू. त्याने आपल्याला असे शब्द कधी दाखवले होते का? नसणार. एक्स्चेंजवर की कंपनीकडे असते आणि आपल्याला पडद्यावर दिसतो तो कंपनी आपल्याला जेवढे देणे लागते तेवढा आकडा. कंपनी धड आहे तोवर या आकड्याला काही होत नाही. पण कंपन्याही बुडतात: टोकियोचे माउंट गॉक्स हे एक्स्चेंज 2014 मध्ये बुडाले, एफटीएक्स नोव्हेंबर 2022 मध्ये कोसळले. आपल्याकडे 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलर किमतीची क्रिप्टो चोरीला गेली आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ग्राहकांना आपली क्रिप्टो बाहेर काढता आली नाही. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. इथे तसा विमा नाही.

वझीरएक्सच्या प्रकरणातली एक गोष्ट वॉलेट निवडताना फार उपयोगी पडते. त्या वॉलेटमधून पैसे हलवायला एकट्याची सही पुरत नव्हती, अनेक जणांच्या सह्या लागत होत्या. तरीही चोरी झाली. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली भलत्याच व्यवहारावर, असे कंपनीने तेव्हा सांगितले. कुलपे कितीही लावली तरी आपण कशावर सही करतो आहोत हे डोळ्यांना दिसत नसेल, तर कुलपांचा उपयोग होत नाही.

आपण ज्याला पेनड्राइव्हसारखे यंत्र म्हणता त्याचे महत्त्व इथे कळते. त्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. ट्रेझर आणि लेजर ही त्यातली जुनी नावे. त्यातही बिटकॉइन नसतात. असते ती की, आणि ती यंत्राबाहेर पडत नाही. संगणक किंवा मोबाईल व्यवहार तयार करून यंत्राकडे पाठवतो, यंत्र आपल्या छोट्याशा पडद्यावर रक्कम आणि पत्ता दाखवते, आपण बटण दाबले की सही करून परत देते. संगणकात व्हायरस असला तरी की त्याच्या हाती लागत नाही. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलून चोराचा पत्ता चिकटवणारे व्हायरस आहेत. त्यांची लबाडीही या छोट्या पडद्यावर उघडी पडते. अर्थात आपण तो वाचला तर. न वाचता बटण दाबणाऱ्याला यंत्र वाचवू शकत नाही. पत्त्याची सुरुवातीची चार अक्षरे जुळली म्हणून समाधान मानू नये. नेमकी सुरुवात आणि शेवट जुळणारे बनावट पत्ते तयार करणारे महाभाग आहेत.

मोबाईलमधल्या वॉलेटमध्ये की मोबाईलमध्येच राहते, आणि तो दिवसभर इंटरनेटला जोडलेला असतो. त्याच मोबाईलवर आपण लग्नपत्रिकेच्या नावाखाली आलेली फाइलही उघडतो. सोय मात्र मोठी: पैसे लागत नाहीत, व्यवहार चटकन होतो. फक्त बिटकॉइनच असतील तर ब्लूवॉलेटसारखे साधे ॲप पुरते. चार वेगवेगळी नाणी बाळगायची असतील तर ट्रस्ट वॉलेटसारखी ॲप आहेत. माझे मत विचाराल तर नवख्याने एकाच नाण्यापुरते राहावे. अनेक नाणी आली की नेटवर्कची भानगड येते. यूएसडीटी हे एकच नाणे इथेरियमवरही चालते आणि ट्रॉनवरही, आणि पाठवताना नेटवर्क चुकले तर पैसे परत मिळवणे कटकटीचे, कधी अशक्यही होते.

मग घ्यावे काय? हे रकमेवर ठरवा. चार-पाच हजारांच्या बिटकॉइनसाठी तितक्याच किमतीचे यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही. ती रक्कम एक्स्चेंजवर राहिली तरी चालेल. एक्स्चेंज भारत सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेले आहे एवढे पाहून घ्या आणि लॉगिनला एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा, कारण सिमकार्डाची डुप्लिकेट काढून ओटीपी पळवण्याचे प्रकार होतात. ही नोंदणी मनी लाँडरिंगविरोधी कायद्यासाठी असते, ठेवीची हमी म्हणून नव्हे; तिच्यावर त्याहून जास्त विसंबू नका. रक्कम बुडाली तर झोप उडेल इतकी झाली की हार्डवेअर वॉलेट घ्या. मधल्या रकमेला मोबाईलचे वॉलेट ठीक. ‘सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत सोयीचे’ असे एकच मात्र मिळणार नाही. सोय वाढते ती बहुधा सुरक्षेच्या जिवावर.

यंत्र घ्यायचे ठरलेच तर कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. खोक्यात शब्द आधीच छापलेले कार्ड निघाले तर ते यंत्र वापरू नका. शब्द यंत्राने आपल्यासमोर, पडद्यावर तयार करायला हवेत. छापलेले असतील तर ते आणखी कुणालातरी ठाऊक आहेत. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन नंबर फुटले; पुढच्याच वर्षी काहींच्या घरी ‘बदली यंत्र’ म्हणून नकली यंत्रे टपालाने आली. मागवले नसताना आलेले यंत्र कितीही चकचकीत असले तरी त्यात आपले शब्द भरू नयेत.

आता त्या कागदाबद्दल, कारण बहुतेकांचे घोडे इथेच अडते. शब्दांचा फोटो काढू नका, स्वतःला व्हॉट्सॲपही करू नका. फोटो आपोआप क्लाउडवर जातो. त्याहून वाईट म्हणजे फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्की या कंपनीला स्पार्ककॅट नावाचा व्हायरस सापडला. तो मोबाईलच्या गॅलरीतले फोटो वाचून नेमके हे शब्द शोधत होता, आणि त्याची लागण झालेली ॲप गूगल आणि ॲपलच्या अधिकृत दुकानांतही होती. शब्द हाताने, क्रमांक घालून आणि इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहा. या यादीत मराठी नाही. देवनागरीत लिहायला गेलात तर ‘राइट’ म्हणजे ‘बरोबर’ की ‘लिहा’ हे नंतर कळणार नाही, आणि ते दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. दोन प्रती करून दोन वेगळ्या घरी ठेवा. कोकणात किंवा ओल धरणाऱ्या घरात असाल तर कागदापेक्षा स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवणारेही आहेत, आणि तो वेडेपणा नव्हे.

यानंतरची पायरी बहुतेक जण टाळतात आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह तिच्यासाठी आहे. वॉलेटमध्ये आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवा. मग ॲप काढून टाका किंवा यंत्र कोरे करा आणि केवळ कागदावरचे शब्द भरून ती रक्कम परत दिसते का पाहा. दिसली तरच बाकीचे हलवा. कागदावरची चूक कळायची असेल तर पैसे अडकण्याआधी कळावी.

विसरण्याची किंमत किती असू शकते? स्टीफन थॉमस या प्रोग्रामरचे 7,002 बिटकॉइन एका कुलूपबंद पेनड्राइव्हमागे अडकले. पासवर्ड ओळखायला एकूण 10 संधी होत्या, त्यांतल्या 8 वाया गेल्याचे 2021 मध्ये जगजाहीर झाले. आणखी एक गोष्ट सांगितली जाते ती कॅनडाच्या क्वाड्रिगासीएक्स एक्स्चेंजची. तिचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर 2018 मध्ये जयपूरला वारला आणि चाव्या त्याच्याबरोबर गेल्या, असे आजही सांगतात. ही गोष्ट अर्धवट आहे. ओंटारियो सिक्युरिटीज कमिशनने 2020 मध्ये चौकशीअंती सांगितले की बहुतांश पैसे त्याने जिवंतपणीच लबाडीने उडवले होते. तरी आपल्या घरापुरता प्रश्न खराच आहे: स्वतःच्या वॉलेटला नॉमिनी नसतो. कागद कुठे आहे आणि तो कशाचा आहे, हे घरात एका विश्वासू माणसाला माहीत हवे.

कराची धास्ती असेल तर एवढेच: स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या वॉलेटमध्ये नेणे म्हणजे विक्री नव्हे. विकल्यावर नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि विक्रीच्या वेळी 1 टक्का टीडीएस कापला जातो. खरेदीच्या पावत्या आणि एक्स्चेंजचे स्टेटमेंट खाते रिकामे करण्यापूर्वीच उतरवून घ्या, नंतर मूळ किंमत सिद्ध करताना तेच लागेल.

आपल्या पत्राच्या तळटीपेत टेलिग्रामवरच्या एका ‘सपोर्ट ऑफिसर’चा उल्लेख आहे. वॉलेट ‘व्हेरिफाय’ करण्यासाठी तो बारा शब्द मागतो आहे. खऱ्या वॉलेट कंपनीला ते शब्द कधीच लागत नाहीत. त्याला ब्लॉक करा. शब्द आधीच देऊन झाले असतील तर नवे वॉलेट, नवे शब्द तयार करून असेल नसेल ते त्यात आत्ताच हलवा, आणि मग 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. क्रम हाच ठेवा.