तिजोरीच्या दोन किल्ल्या

सोमवारी तू कामावर रुजू होणार. डबा कुठला लावायचा आणि खोलीचं भाडं किती द्यायचं याची काळजी तुझ्या आईने केलीच आहे, म्हणून मी दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहिते. तू अकाउंट्समध्ये बसणार आहेस, म्हणजे रोज दुसऱ्याचे पैसे तुझ्या हातून जाणार. मी चौतीस वर्षं सहकारी बँकेत हेच काम केलं. त्यातलं जे तुझ्या उपयोगाचं आहे, ते आता सांगून टाकते.

मी कारकून म्हणून लागले तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. तिजोरीला दोन किल्ल्या होत्या, एक मॅनेजरसाहेबांकडे आणि एक हेड कॅशियरकडे. दोघं समोर असल्याशिवाय दार उघडत नसे. हेड कॅशियरना घरून वाईट बातमी आली तरी किल्ली रजिस्टरला नोंदवून, दुसऱ्याची सही घेऊनच ते निघत. मला वाटायचं, बँकेचा आपल्याच माणसांवर विश्वास नाही. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा हेड कॅशियर म्हणाले, "बाई, ती दुसरी किल्ली माझ्या रक्षणासाठी आहे. मला एकट्याला तिजोरी उघडताच येत नाही, त्यामुळे मला धमकावून कुणाला काही मिळत नाही. आणि उद्या रोकड कमी भरली तर माझ्या एकट्यावर आळ येत नाही."

पुढे संगणक आले, मोबाईल आले, पण त्यांचं ते बोलणं मला अजून पुरतं. जो कुणी तुला एकटीने, कुणाला न सांगता, आत्ताच्या आत्ता पैसे पाठवायला सांगेल, तो दुसरी किल्ली बाजूला काढू पाहतोय. मग तो साहेबांच्या नावाने बोलो, बँकेच्या नावाने बोलो, नाहीतर पोलिसांच्या.

तू पुण्यातच असणार, म्हणून पुण्यातलंच उदाहरण देते. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने संदेश आले, की अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा. पैसे गेले, १ कोटीहून जास्त. संदेश पूनावालांनी पाठवलेलेच नव्हते. जगाला लस पुरवणाऱ्या कंपनीतली अनुभवी माणसं होती ती. तेव्हा 'मी शिकलेली आहे, मला कोण फसवणार' हा विचार मनातून काढून टाक. चोर आपल्या अज्ञानाच्या आधारावर येत नाहीत. साहेबांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही आपली चांगली सवयच ते वापरतात.

व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि नाव कुणालाही लावता येतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यापुढचंही ऐक. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधली एक बातमी आली. अरुप नावाच्या बांधकाम-अभियांत्रिकी कंपनीच्या वित्त विभागातल्या कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराचा ईमेल आला. त्याला आधी शंका आलीही. मग त्याला व्हिडिओ मीटिंगला बोलावलं. तिथे मोठे साहेब दिसत होते, ओळखीचे सहकारी दिसत होते. त्याची शंका गेली आणि त्याने १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. मीटिंगमधला तो एकटाच खरा होता, बाकीची सगळी संगणकाने घडवलेली चित्रं होती. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, हा पुरावा आता पुरेसा नाही.

मग करायचं काय? ज्या वाटेने निरोप आला, त्या वाटेने खात्री करायची नाही. व्हॉट्सॲपवर निरोप आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन लाव. ईमेल आला तर उठून केबिनपर्यंत जा. साहेब दौऱ्यावर असतील तर त्यांच्या खालच्या अधिकाऱ्याला विचार. 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस' असं संदेशात लिहिलेलं असेल तर आवर्जून फोन कर. खरे साहेब असतील तर दोन मिनिटं वैतागतील. वैतागू देत.

तुझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येईल ते म्हणजे पुरवठादाराचं पत्र: 'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचं पेमेंट नव्या खात्यात करावं.' लेटरहेड हुबेहूब, बिलाचा नंबर बरोबर, मागच्या पत्रव्यवहाराचा उल्लेखसुद्धा. कुणीतरी त्यांची किंवा तुमची मेल आधीच वाचत बसलेलं असतं, म्हणून सगळं इतकं जुळतं. त्या मेलखाली दिलेल्या नंबरावर फोन करू नकोस, तो चोराचाच असणार. जुन्या फाईलमधलं बिल काढ, त्यावरच्या नंबरावर बोल. आम्ही चेकवरची सही नमुना सहीशी ताडून बघायचो. वीस वर्षं येणारा खातेदार समोर उभा असला तरी बघायचो, आणि त्याला त्यात अपमान वाटत नसे. मेलचा पत्ता तसाच एकेक अक्षर करून वाच. इंग्रजी आर आणि एन शेजारी बसले की घाईत एम दिसतो, आणि एवढ्या फरकावर लाखो रुपये गेलेले आहेत. बँकांच्या बाबतीत एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आपल्या बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात. पत्ता स्वतः टाइप कर, मेलमधल्या दुव्यावरून बँकेत शिरू नकोस.

आता वेळेबद्दल, कारण हे मी बँकेत राहून शिकले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर घाला पडला. ११ तारीख, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक सहकारी बँकेत दुसरा विषय नव्हता. त्याआधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर हल्ला झाला तोही गुरुवारी रात्री, कारण तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. व्यवहारांचे कागद छापणारा प्रिंटर बंद पडला होता, तो नेहमीचा बिघाड वाटला. तोवर ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले होते. आणखी २ कोटी डॉलर श्रीलंकेत जाता जाता राहिले, कारण 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेत कुणीतरी थांबून विचारलं.

त्या थांबून विचारणाऱ्या माणसाचं मला फार अप्रूप वाटतं. दिवसभरात शेकडो कागद नजरेखालून जाताना एका शब्दावर त्याची नजर अडली, आणि अडल्यावर त्याने कागद पुढे सरकवला नाही. तुझ्याकडून मला एवढंच हवंय. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी असेल, दिवाळीच्या आदली संध्याकाळ असेल, ३१ मार्च असेल, तेव्हा नेहमीपेक्षा सावकाश काम कर. सगळे घरी जायच्या गडबडीत असतात आणि चोरांना ते माहीत असतं.

पासवर्ड हे माझं स्वतःचं दुखणं आहे. संगणक नवे आले त्या काळात, पगाराच्या दिवशी, काउंटरवर गर्दी मावत नव्हती. एंट्री एकाने करायची आणि पास दुसऱ्याने करायची, हा नियम. पास करायचं काम माझं. वरच्या मजल्यावर बैठकीला बोलावलं, म्हणून मी माझा पासवर्ड शेजारच्या मुलाला सांगून गेले. त्याने स्वतःच एंट्री केली, स्वतःच पास केली, आणि चाळीस हजार रुपये भलत्याच खात्यात जमा झाले. त्याच्या मनात पाप नव्हतं, एक आकडा चुकला होता. पण नोंदीत नाव माझं. त्या खातेदाराकडे दोन वेळा जाऊन, हात जोडून ते पैसे परत आणले. मी स्वतः, माझ्या हाताने, दोन्ही किल्ल्या एका माणसाला दिल्या होत्या. आपला पासवर्ड म्हणजे आपली सही, हे त्या दिवशी कळलं. कुणाला नाही द्यायचा, साहेबांनाही नाही, आयटीवाल्यांनाही नाही. खऱ्या आयटीवाल्याला तो लागतच नाही.

पासवर्ड लांब असू दे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, तुलाच सुचलेले, इंग्रजी अक्षरांत सलग लिही. गावाचं नाव, जन्मसाल, कुलदैवत नको, ते तुझ्या फेसबुकवरून कुणालाही कळतं. दर महिन्याला बदलायची सक्ती करू नये, असं अमेरिकेच्या मानकसंस्थेनेही २०१७ पासून सांगितलं आहे, कारण माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. तुझ्या कंपनीचा नियम वेगळा असेल तर तो पाळ. ऑफिसचा पासवर्ड मात्र दुसरीकडे कुठेच वापरू नकोस. सगळे लक्षात राहणार नाहीत, म्हणून कंपनीने पासवर्ड मॅनेजर दिला असेल तर तो वापर.

ओटीपी ही तुझी दुसरी किल्ली. ती फोनवर कुणाला वाचून दाखवायची नाही. आणि 'तुम्हीच लॉगिन करताय ना?' असं तू काही न करता फोन विचारू लागला, तर 'नाही' दाब आणि लगेच कळव. २०२२ मध्ये उबरमध्ये हेच घडलं. परवानगीची सूचना पुन्हा पुन्हा येत राहिली, मग आयटीचा माणूस म्हणून कुणीतरी व्हॉट्सॲपवर 'मान्य करा' म्हणालं, आणि कंटाळून ती मान्य झाली. दुसरी किल्ली असून उपयोग नाही, मागेल त्याला ती दिली तर.

बारीकसारीक सवयी हाताला लाव, डोक्याला त्रास नको. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबायचं, चहाला जाताना सुद्धा. ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवून घरी यायचं नाही. सापडलेला पेन ड्राइव्ह लावायचा नाही. अपडेट आलं की टाळायचं नाही: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, त्यावरचं औषध मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. आणि हल्ली लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलान म्हणून एपीके फाईल येते. खरी पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे फोनमध्ये घुसणारं ॲप, मग ते सख्ख्या आत्याच्या नंबरावरून आलेलं असो. तिचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहिते आहे. एवढं सगळं करूनही एखाद्या दिवशी तुझं बोट चुकीच्या जागी पडेल. माझ्या हाताखालच्या एका मुलीचं पडलं होतं. साहेब ओरडतील या भीतीने तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, जेवली नाही, आणि त्या दोन दिवसांत संगणकावर काय काय झालं ते शोधायला आम्हाला महिना लागला. तिने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं तर नुसती वायर काढून भागलं असतं. मी तिला रागावले नाही. एकही मुलगी आपल्याकडे येऊन सांगायला धजत नाही, तर आपण कसल्या अधिकारी, असं मात्र वाटलं. म्हणून बाळा, चूक झाली तर लपवू नकोस. पैसे गेले असतील तर बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच घटकेला फोन. तक्रार जितकी लवकर पोचेल, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि कुणी तुला फोनवर 'अटक' केली, कॅमेऱ्यासमोरून हलू नको, घरच्यांना सांगू नको म्हणालं, तर फोन ठेव. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

सोमवारी गेल्यावर आयटीमधल्या माणसाचं नाव आणि त्याच्या टेबलचा नंबर विचारून घे. वहीच्या पहिल्या पानावर लिही, त्याच्याखाली १९३०, आणि त्याच्याखाली माझा नंबर. मी रात्रीही फोन उचलते.