एफपीएस भरपूर, तरी गेम का अडखळतो?

प्रश्न : माझ्या पीसीवर गेम खेळताना कोपऱ्यातला आकडा १२० एफपीएस दाखवतो, तरी नव्या भागात शिरलं की चित्र हिसके देतं. आकडा खोटा की माझे डोळे?

उत्तर : दोन्ही खरे. तो आकडा सरासरीचा आहे आणि सरासरीत हिसके लपतात. तासाला सहा एसटी आहेत म्हणून दर दहा मिनिटांनी एक येतेच असं नाही. तीन लागोपाठ येतात, मग अर्धा तास स्टँडवर शुकशुकाट.

हिशेबच करू. सेकंदाला १२० फ्रेम, म्हणजे एकीला साधारण ८.३ मिलिसेकंद. समजा, ११९ फ्रेम साडेसात मिलिसेकंदांना एक अशा आल्या आणि उरलेल्या एकीने १०७ मिलिसेकंद खाल्ले. बेरीज सेकंदभरच, आकडाही १२०च. पण सेकंदाचा दहावा भाग चित्र गोठलेलं. ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये हाच मुद्दा लावून धरला आणि पुढे परीक्षणांत फ्रेमटाइम मोजणं रुळलं. तुम्हीही एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये फ्रेमटाइमचा आलेख चालू करा. रेघ सपाट हवी. मध्येच सुळका उठला की तो तुमचा हिसका.

सुळका कधी उठतो, यावरून कारण कळतं. नव्या जागी पहिल्यांदा अडखळतं आणि पुन्हा गेल्यावर नाही, तर संशय शेडरवर. शेडरचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला कळेल असा कोड ऐन वेळी तयार होत असतो, आणि ते काम प्रोसेसरचं. म्हणून ‘कार्ड बदल’ हा मित्रांचा लाडका सल्ला इथे वाया जातो. २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ आला, तेव्हा महागड्या पीसींवरही तो अडखळत होता. गेम सुरू होताना शेडर तयार करत असेल, तर ते पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर बदलला की हे काम बहुधा पुन्हा होतं.

त्याच जागी दरवेळी अडखळत असेल, तर गेम हार्ड डिस्कवर आहे का बघा, एसएसडीवर हलवा. कार्डाची मेमरी काठोकाठ भरली असेल, तर टेक्स्चर एक पायरी उतरवा. आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३५ टक्केच दिसतो म्हणून त्याला निर्दोष ठरवू नका. तीही सरासरीच, एखादा कोअर एकटाच राबत असतो.

आलेख सपाट आणि तरीही हिसके? मग मॉनिटरकडे वळा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून विंडोजमध्ये ६० हर्ट्झवरच ठेवणारे बरेच असतात. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ते तपासा. जी-सिंक किंवा फ्रीसिंकची सोय असेल, तर चालू करा आणि एफपीएसला मॉनिटरच्या थोडी खाली मर्यादा घाला. १४४ हर्ट्झला १४० ठीक. आकडा मुद्दाम कमी करणं जिवावर येतं खरं, पण मर्यादेच्या आत राहिलं की फ्रेम तयार झाली रे झाली, मॉनिटर ती दाखवतो.

‘गेम बूस्टर’ नावाच्या फुकट प्रोग्रामांच्या मात्र नादी लागू नका. पार्श्वभूमीला आणखी एक काम चालू होतं, एवढंच.