तांब्याची तार आणि काचेचा तंतू

दिंडोरीच्या एका बागायतदाराच्या द्राक्षवेलीवर भुरी पडली आहे असे समजा. रोगट पानाचे छायाचित्र नाशिकच्या तज्ज्ञाला हवे आहे आणि फवारणीचा निर्णय आजच व्हायचा आहे. या छायाचित्रात १ कोटी ६० लक्ष बिट, म्हणजे तितक्या शून्य-एकच्या खुणा आहेत. ते तज्ज्ञाच्या संगणकावर उतरण्यास किती वेळ लागेल?

आवाजाची चौकट

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतातील जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेला मोडेम नावाची पेटी जोडावी लागे. ती संगणकाच्या खुणांचे आवाजात आणि आवाजाचे पुन्हा खुणांत रूपांतर करी. सुरुवातीचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. भागाकार करून पाहा: सुमारे २८ मिनिटे! तोपर्यंत दूरध्वनीही अडकून पडे. १९९८ च्या मानकाने हा वेग ५६,००० बिटांपर्यंत नेला. आता पावणेपाच मिनिटे पुरली. पण मोडेमची धाव तेथेच थांबली. का बरे?

दूरध्वनी बोलण्यासाठी बनला होता. बोलणे समजण्यास ३०० ते ३,४०० हर्ट्झ वारंवारता पुरते. म्हणून एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेत आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडत. ८,००० × ८ = ६४,०००. या चौकटीतून जाणाऱ्या कोणत्याही मोडेमला सेकंदाला ६४,००० बिट ओलांडता येणे शक्य नव्हते. अडचण होती ती चौकटीची; तारेत अजून जागा होती.

तीच तार, नवी रीत

पुढे हीच मोकळी जागा वापरली गेली. डीएसएल या पद्धतीत बोलणे खालच्या वारंवारतांवर आणि संगणकाच्या खुणा त्यांच्या वर, सुमारे ११ लक्ष हर्ट्झपर्यंत, एकाच तारेतून पाठवतात. त्यामुळे दूरध्वनी आणि इंटरनेट एकाच वेळी चालू लागले. २००४ च्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँडसाठी किमान २,५६,००० बिटांचा वेग ठरवला. छायाचित्र एका मिनिटात आले. २०२३ साली ही किमान मर्यादा २० लक्ष बिट करण्यात आली. म्हणजे ८ सेकंद. काल जो वेग 'जलद' म्हणवत होता, तो आज त्या नावालाही पात्र राहिला नाही!

मात्र वारंवारता वाढली की तांब्याच्या तारेतील संकेत झपाट्याने क्षीण होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारांच्या जोडीत १० लक्ष हर्ट्झला दर किलोमीटरमागे सुमारे २० डेसिबल घट होते. दर १० डेसिबलला शक्ती एक-दशांश उरते. म्हणजे १ किलोमीटरवर शंभरावा भाग, २ किलोमीटरवर दहा हजारावा आणि ५ किलोमीटरवर एक हजार कोटीवा! एक्स्चेंजजवळच्या घराला वेग मिळे. मळ्यातल्या वस्तीला मिळत नसे.

काच जिंकते

१९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की, काचेत प्रकाश क्षीण होतो तो मुख्यतः तिच्यातील अशुद्धींमुळे. या कार्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या शुद्ध काचतंतूत किलोमीटरमागे घट जेमतेम ०.२ डेसिबल असते. नाशिक ते दिंडोरी अंतर सुमारे २५ किलोमीटर धरा. एकूण घट ५ डेसिबल, म्हणजे निघालेल्या प्रकाशापैकी जवळजवळ एक-तृतीयांश पोचतो! सेकंदाला १० कोटी बिटांच्या जोडणीवर आपले छायाचित्र ०.१६ सेकंदात येईल. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे 'भारतनेट' नाव मिळाले.

जुन्याचा एक गुण

म्हणून जुने सर्वस्वी टाकाऊ होते काय? नाही. जुन्या दूरध्वनीला एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तारेने वीज मिळे. गावाची वीज गेली तरी डॉक्टरांना बोलावता येई. काच विद्युत्‌रोधक आहे. ती प्रकाश आणते, वीज आणत नाही. घरातील पेटीची वीज गेली की जोडणी तुटते. म्हणून नवे तंत्र आणताना जुने कोणते काम मुकाट्याने करीत होते, हे आधी पाहावे लागते. येथे ते काम बॅटरीकडे सोपवावे लागते.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ बारीक भोक पाडा. पाणी भरून खोलीत अंधार करा आणि भोकाच्या समोरच्या बाजूने विजेरीचा झोत टाका. प्रकाश पाण्याच्या वाकड्या धारेबरोबर वळताना दिसेल. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. आता विचार करा: धार तुटून थेंब पडू लागले की प्रकाशाचे काय होते, आणि का?