दिवा तापतो, मग तार कां तापत नाहीं?

बटण दाबतांच तंतूचा विजेचा दिवा लागतो. त्याच्या आंतील टंगस्टनची बारीक तार तापून लखलखते. परंतु जिच्यांतून वीज तेथवर आली, ती भिंतीवरील तांब्याची तार थंडच राहते. दोहोंतून वाहणारा प्रवाह तर एकच आहे. मग हा भेद कशामुळें पडतो?

प्रत्येक धातु विजेच्या वाहण्यास थोडीबहुत अडवणूक करतो. तिला 'रोध' म्हणतात. तार जितकी लांब, तितका रोध अधिक; जितकी जाड, तितका कमी. शिवाय तो धातूच्या जातीवरहि अवलंबून असतो. शेगडींतील नायक्रोमच्या तारेचा रोध तेवढ्याच लांबीजाडीच्या तांब्याच्या तारेहून सुमारें साठपट असतो.

जर्मनींतील कोलोन शहरीं गेओर्ग सिमोन ओहम नांवाचे एक शाळाशिक्षक होते. त्यांचे वडील कुलपें करणारे कारागीर. ओहम यांनीं निरनिराळ्या लांबीच्या तारांतील प्रवाह मोजून १८२७ सालीं आपला नियम ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. विजेच्या दाबास रोधानें भागिलें म्हणजे प्रवाह मिळतो, हा तो नियम. स्वदेशांत प्रथम त्याची उपेक्षाच झाली. पण १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कोप्ले पदक दिलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत जूल यांनीं दाखविलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता रोधाच्या पटीनें आणि प्रवाहाच्या वर्गाच्या पटीनें वाढते.

आतां हिशेब करूं. दाब २३० व्होल्ट व दिवा ६० वॅटचा असेल, तर प्रवाह सुमारें ०.२६ अँपिअर होतो. म्हणजे तापलेल्या तंतूचा रोध सुमारें ८८० ओहम. उलट, १ चौरस मिलिमीटर जाडीच्या २० मीटर तांब्याच्या तारेचा रोध अवघा एक तृतीयांश ओहम! म्हणून जवळजवळ सर्व उष्णता त्या इवल्याशा तंतूंतच एकवटते.

परंतु त्याच तारेवर पाणी तापविण्याची २००० वॅटची सळई लावली, तर प्रवाह सुमारें ३३ पट होतो; आणि तारेंतील उष्णता ३३ पट नव्हे, तर सुमारें ११०० पट! घरांतील उपकरणें समांतर जोडलेलीं असल्यामुळें प्रत्येकाचा प्रवाह मूळ तारेंत मिळविला जातो. एकाच जागेवरून शेगडी, इस्त्री व सळई चालविली, तर थंड तार थंड राहत नाहीं. तिचें आवरण वितळून आगहि लागूं शकते.

हा धोका टाळण्यासाठींच फ्यूज असतो. त्याची तार मुद्दामच दुबळी ठेवलेली असते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं ती प्रथम वितळते व मार्ग तोडते. नव्या घरांत हेंच काम आपोआप खालीं पडणारें बटण करतें. फ्यूज वारंवार जळतो म्हणून कित्येक गृहस्थ त्याच्या जागीं जाड तांब्याची तार बसवितात. दिवे लागतात खरे. पण आतां फ्यूजऐवजीं भिंतींतील तार जळावयाची!

म्हणून पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: फ्यूज जळाला, तर आधीं मुख्य बटण बंद करावें, तो कां जळाला याचा जाणत्याकडून शोध घ्यावा, आणि मगच नेमलेल्या मापाची तार बसवावी. फ्यूजच्या तारेची किंमत फार थोडी; ती वितळून वांचविते तें घर मात्र मोलाचें असतें.